कंटेनरवाल्यांची क्रिकेट स्पर्धा कशी भरवावी

मी नाशिकच्या अंबडमधल्या एका शिपिंग कंपनीत डॉक्युमेंटेशन बघते. बीएल, इनव्हॉइस, शिपिंग बिल ही मालाची कागदपत्रं पोटापाण्याची. ऑफिसची टेनिस बॉल स्पर्धा मात्र सात वर्षांपासून उगाच गळ्यात पडलीय. दर वर्षी कुठल्या तरी ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन येतो, "मॅडम, तुम्ही हे जमवता कसं?" म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आधी तारीख. साहेबलोकांना ५ एप्रिल हवा असतो, राष्ट्रीय सागरी दिन. १९१९ साली याच दिवशी सिंदिया कंपनीचं 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनला निघालं. त्या कंपनीच्या संस्थापकांतले वालचंद हिराचंद म्हणजे आपल्या मालेगाव तालुक्यातल्या रावळगावचा साखर कारखाना काढणारे, त्यामुळे समुद्र नसला तरी नाशिककरांची कॉलर ताठ. ठीक आहे, त्या दिवशी ऑफिसात चहा-भजी करा, भाषणं करा, पण मैदानावर जाऊ नका. एक तर ऊन, आणि जानेवारी ते एप्रिल द्राक्षांचे रिफर, म्हणजे थंड कंटेनर, चालू असतात.

हे आम्ही ठेच लागून शिकलो. पहिल्या वर्षी फेब्रुवारीतला रविवार धरला होता. सेमीफायनल रंगात आली आणि जहाजाचा कट-ऑफ, म्हणजे कंटेनर बंदरात पोचवायची शेवटची वेळ, अलीकडे आल्याचा मेल येऊन पडला. सहा जण बॅट-बॉल टाकून यार्डात पळाले. फायनल पाच-पाच जणांत झाली, दोन्ही डावांत विकेटकीपर एकच.

तेव्हापासून डिसेंबरचा दुसरा रविवार. द्राक्षं अजून वेलीवर असतात आणि कारखान्यांची महिनाअखेरची डिस्पॅचची घाई लांब असते. फक्त आठच्या आत टॉस करू नका. दवाने बॉल ओला होतो, आणि निफाडकडची पोरं कानटोपी काढायला तयार नसतात.

मैदान बघताना गोल्फ क्लब डोक्यातून काढून टाका. तिथल्या अनंत कान्हेरे मैदानावर रणजीचे सामने होतात, आपल्या सहा ओव्हरना आडगाव किंवा विल्होळीकडची मोकळी जागा पुष्कळ झाली. पण चाळीस फुटी ट्रेलर वळेल आणि उभा राहील एवढी जागा बाजूला हवीच. ती नसेल तर ड्रायव्हर येत नाहीत, आणि ड्रायव्हर नसतील तर ती आमच्या केबिनवाल्यांची पिकनिक होते. न्हावा-शेवा बंदर इथून पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर, वर कसाऱ्याचा घाट. रात्रीची ट्रिप करून आलेल्याला सकाळच्या मॅचला उभं करू नका. त्याची मॅच अकरानंतर लावा आणि गाडीच्या केबिनमध्ये झोपू द्या. ज्याला संध्याकाळी गाडी काढायचीय, त्याचे सामने दुपारी एकच्या आत संपवा. वेळापत्रक मी आधी ट्रिप शीट समोर ठेवून लिहिते, टीम नंतर.

टीम पाडायची आमची रीत सांगते. अकाउंट्सची एक, यार्डाची एक अशा टीम केल्या की वर्षभराची भांडणं पिचवर येतात. आयातीचा कंटेनर उघडताना दाराचं बोल्ट सील कटरने तोडतात, त्याचे तुकडे आमचा यार्डातला पोरगा वर्षभर डब्यात साठवतो. त्यातले बत्तीस घ्यायचे, आठ-आठांना लाल, निळी, पिवळी, हिरवी टेप गुंडाळायची आणि कांद्याच्या गोणीत टाकायचे. प्रत्येकाने हात घालून एक काढायचा. कापलेली कड बोचते, म्हणून टेप तिच्यावरूनच घ्या. सीलवरचा नंबर मी स्कोअरशीटवर नावापुढे लिहिते, म्हणजे "मी निळ्यात होतो" असं म्हणत कुणाला टीम बदलता येत नाही. एका वर्षी मॅनेजर आणि त्यांच्याच गाडीचा ड्रायव्हर एका टीममध्ये आले. कॅप्टन अर्थात ड्रायव्हर.

डिसेंबरातही यार्डात डाळिंबाचा एखादा रिफर प्लगवर असतोच. तापमान बघायला कुणीतरी लागतं, आणि तो एकटाच दिवसभर यार्डात अडकला तर वर्षभर टोमणे ऐकावे लागतात. दोन-दोन तासांच्या पाळ्या लावा, त्यात ऑफिसवालेही धरा. डिस्प्लेवरचा आकडा वाचून ग्रुपवर फोटो टाकणं आमच्या एचआरलासुद्धा जमतं.

बायकांसाठी लिंबू-चमचा ठेवू या असं जो म्हणेल, त्याला स्कोअर लिहायला बसवा. आमच्याकडे मुली क्रिकेटच्या गोणीतच हात घालतात, आणि शेवटी सगळ्यांची मिळून रस्सीखेच असते, आठास आठ. दोर जाड काथ्याचा घ्या. एकदा माल बांधायचा नायलॉनचा लॅशिंगचा दोर वापरला आणि दोघांचे तळवे सोलून निघाले.

नाश्त्याला मिसळ सांगा, पण पहिल्या मॅचनंतर. आधी दिली तर बॉलर धावत नाहीत. रस्सा वेगळ्या डब्यात मागवा.

बक्षिसाचे पैसे तिथेच रोख द्या. "पगारात जमा करू" म्हणालात तर पुढच्या वर्षी गोणीत हात घालायला कुणी येणार नाही. आणि ग्रुप फोटो फायनलच्या आधी काढा. फायनल संपेपर्यंत निम्मे ट्रेलर निघून गेलेले असतात.