वालाघेवड्याचं घरचं बी धरताना या चुका टाळा

“आमच्या वालाची जातच बिघडली” असं दर हिवाळ्यात कुणी ना कुणी सांगतं. दोन वेल शेजारी लावले, भुंग्याने संकर केला, आता हे बी टाकून द्यायचं! मला फार वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा ते बी चांगलं असतं.

सगळ्या शेंगभाज्यांना एकच नियम लावू नका. श्रावणघेवड्याची उद्या उमलणारी कळी सुईने अलगद उघडून पाहा. परागकोश (परागाच्या पिशव्या) कुक्षीला, म्हणजे पराग झेलणाऱ्या टोकाला, अगदी बिलगून असतात, आणि फूल उमलायच्या आधीच पराग तिच्यावर सांडतो. मधमाशी येईपर्यंत काम उरकलेलं असतं. म्हणून दोन प्रकारचे घेवडे जवळजवळ लावले तरी संकर क्वचितच होतो. वाल आणि पावटाही बहुतांशी स्वतःच्याच परागावर फळतात, पण त्यांच्या फुलावर मोठा काळा भुंगा बसला की खालची पाकळी दबते, कुक्षी बाहेर येते आणि त्याच्या अंगाला घासते. तिथे सांभाळायला हवं. चवळी, घेवडा आणि वाल यांचा मात्र एकमेकांशी संकर होत नाही. ते एकाच मांडवावर खुशाल चढवा.

सर्वांत फसवी चूक म्हणजे यंदाचं बी पाहून निर्धास्त होणं. माझ्याकडे माहेरचा पांढऱ्या फुलांचा वाल आहे. एका वर्षी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जांभळ्या फुलांचा लावला. निघालेलं बी नेहमीसारखंच दिसलं, तोच रंग, तीच पांढरी चोच. पुढच्या वर्षी अकरा वेलांपैकी एकाच्या देठाला जांभळी झाक आली आणि फुलंही जांभळी निघाली. बियाची साल आईवेलाची असते, त्यामुळे बाप कोण हे तिच्यावर दिसत नाही. ते कळतं ते बी पेरून वेल वाढल्यावर. फुलांचा जांभळा रंग पांढऱ्यावर वरचढ असल्याने पांढऱ्या वालातला असा वेल लगेच ओळखू येतो. देठाची जांभळी झाक दिसताच, फुलायच्या आत उपटून टाकावा. उलट बाजूने, म्हणजे जांभळ्या वालात पांढऱ्याचा पराग आला, तर पहिल्या पिढीत काहीच कळत नाही. म्हणून बियाण्याचे दोन-तीन तुरे कळीत असतानाच जुन्या मलमलीच्या पिशवीत बांधा. शेंगा धरल्या की पिशवी काढून देठाला लाल दोरा बांधा, नाहीतर घरातलं कुणीतरी त्या भाजीला तोडतंच.

एवढं सांभाळायचं, कारण गावरान वाल एका प्रकारचा नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती असं गावरान बी जपल्याबद्दल, आणि त्यांच्या संग्रहात वालाघेवड्याचे कितीतरी प्रकार आहेत.

बाकी ‘बिघडलेली जात’ बहुधा भेसळ असते: एकाच सुपात वाळवलेलं बी, चिठ्ठी नसलेला डबा, गेल्या वर्षी सांडलेल्या दाण्याचा आपसूक उगवलेला वेल.

आधी भरपूर खायचं आणि उरलेल्या शेवटच्या शेंगा बियाण्याला ठेवायच्या, ही सवयही सोडा. बियाण्याचे वेल सुरुवातीलाच ठरवा, शक्यतो पाच-सहा. घेवड्याची पानं सुरकुतलेली, पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांची दिसली तर तो वेल बियाण्याला नको. तो मोझॅक रोग, आणि त्याचा विषाणू बियातूनही पुढे जातो. शेंगांवर काळपट खोलगट डाग पाडणाऱ्या करप्याचंही तेच. नुसते टपोरे दाणे वेचूनही फारसं साधत नाही. डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ योहान्सन यांनी १९०३ साली घेवड्यावरच दाखवून दिलं की एका शुद्ध वाणातले मोठे दाणे निवडले तरी पुढची पिढी मोठ्या दाण्यांची होत नाही. दाणा नव्हे, वेल निवडा: लवकर फुलणारा, निरोगी, शेंगांनी लगडलेला.

शेंग वेलावरच वाळून खुळखुळू द्या. सोलल्यावर दाणे सावलीत वाळवा आणि नखाने दाबून पाहा. खूण उमटली तर अजून ओल आहे. कीड बहुधा शेतातूनच शेंगेवर अंडी घालून आलेली असते, त्यामुळे डबा कितीही घट्ट असला तरी दोन महिन्यांनी दाण्यांना भोकं दिसतात. ही कीड मारायला पूर्ण वाळलेलं बी घट्ट झाकणाच्या बरणीत आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. ओलसर बी ठेवलंत तर मात्र कोंब मरेल. बरणी बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, नाहीतर गार दाण्यांवर दव धरेल. रात्रभर ओट्यावर राहू द्या, सकाळी उघडा आणि चिठ्ठीवर फुलाचा रंगही लिहा.