वीस तारखेच्या आठवड्यातही खुर्चीतून उठता येतं

रावपुऱ्यातल्या आमच्या टॅक्सच्या ऑफिसात ११ आणि २० तारीख म्हणजे जीएसटीची रिटर्नं भरायची धावपळ. धावपळ म्हणायची एवढंच, सगळे दहा ते सात टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसमोर खुर्चीला चिकटलेले. माणिकरावांच्या आखाड्याचं नाव निघालं की आम्हा बडोदेकरांची छाती फुगते, पण माझ्या आजूबाजूच्या टेबलांवर त्याची पायरी चढलेलं कुणी नाही.

पोटरीचा स्नायू हातपंपासारखा पायातलं रक्त वर ढकलतो. पाय हललेच नाहीत की पंप थंडावतो, आणि जेवणानंतरची साखरही रक्तात रेंगाळते. लंडनच्या दुमजली बसमधल्या लोकांचा १९५३ मधला अभ्यास प्रसिद्धच आहे: बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांना जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांपेक्षा हृदयविकार जास्त.

सकाळी कमाटीबागेत चालून येतो, म्हणणाऱ्यांसाठी: रोज तास-सवा तास भरभर चाललात, तर आठ तास बसण्याचा वाढीव धोका बराचसा भरून निघतो. वीस मिनिटं रमतगमत आणि वर फाफडा, हे त्यात धरू नका. त्यापेक्षा बसणंच मधे मधे तोडा. दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं चाललं तर साखर आणि रक्तदाब दोन्ही उतरतात, असं प्रयोगात दिसलंय. साहेबांसमोर दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं जमणार नाहीत, मग निदान दोन तरी.

मोबाइलचा गजर लावू नका, तो आपण बंद करून टाकतो. उठणं कामालाच बांधा. ‘बेन, मारुं रिटर्न भराई गयुं?’ असा फोन आला की मी उभी राहूनच बोलते. पाण्याची मोठी बाटली टेबलावर ठेवत नाही, पेला घेऊन माठापर्यंत जाते. प्रिंटर माझ्या कोपरापासून उचलून पॅसेजच्या टोकाला ठेवून घेतला. सगळे कुरकुरले, पण चलन हवं तर उठावंच लागतं. कागद बाहेर येईपर्यंत टाचा वर-खाली करायच्या.

डबा खाल्ल्यावर थंडीत सुरसागर तलावापर्यंत फेरी होते. मे महिन्यात भरदुपारी तो वेडेपणा नको, जिन्याचे दोन मजले पुरेत.

खुर्चीचं थोडक्यात: तळपाय जमिनीला टेकले पाहिजेत. माझे लोंबकळायचे, म्हणून खाली जुन्या व्हाउचरांचा गठ्ठा सरकवलाय. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी, त्याखाली दोन रीम कागद चालतात. पुरुषांनी मागच्या खिशातलं पाकीट काढून बसावं. दिवसभर उभं राहणं हाही उपाय नव्हे, त्यानं पायाच्या शिरा फुगतात.

एकाच पोटरीला सूज आली, ती दुखतेय, गरम लागतेय, तर तेल लावून चोळत बसू नका. रक्ताची गाठ असू शकते. रिटर्न बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आणि सोबत धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर सरळ १०८ ला फोन करा.