सुटं .डेब पॅकेज टर्मिनलवरून अपग्रेड करताना

डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालींवर वेबसाइटवरून .डेब फाइल (सॉफ्टवेअरचं पॅकेज) उतरवून टाकलेलं सॉफ्टवेअर बहुधा रोजच्या 'ॲप्ट अपग्रेड'मध्ये येत नाही; ॲप्ट म्हणजे पॅकेजं आणून टाकणारा, अपडेट करणारा प्रोग्राम. रिपॉझिटरीत, म्हणजे ॲप्ट जिथून पॅकेजं आणतो त्या ऑनलाइन साठ्यात, ते नसतंच, मग नवी आवृत्ती ॲप्टला कळणार कुठून? गूगल क्रोमसारखी काही पॅकेजं इन्स्टॉल होताना स्वतःची रिपॉझिटरी जोडून घेतात, त्यांची काळजी नको. बाकीची शोधायला 'ॲप्ट लिस्ट --इन्स्टॉल्ड' चालवा. ज्या ओळीच्या शेवटी 'लोकल' दिसेल, ते पॅकेज तुमच्या गळ्यात. (कमांड इथे देवनागरीत आहेत, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.)

नवी फाइल उतरवल्यावर आधी 'डीपीकेजी --इन्फो' आणि पुढे फाइलचं नाव (डीपीकेजी हा .डेब फाइल थेट हाताळणारा, ॲप्टच्या खालचा प्रोग्राम). आवृत्ती, आर्किटेक्चर (कोणत्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी) आणि डिपेंडन्सी (चालायला लागणारी इतर पॅकेजं) समोर येतात. या पर्यायाचं छोटं रूप कॅपिटल आय आहे आणि स्मॉल आय म्हणजे थेट इन्स्टॉल, म्हणून लांब रूपच वापरलेलं बरं. आर्किटेक्चर 'डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर'शी जुळवा. एएमडी६४च्या मशीनवर एआरएम६४ची फाइल चालणार नाही. साइटवर चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का ते ताडायचा आकडा) दिला असेल तर 'एसएचए२५६सम'ने ताडून पाहा.

मग ही कमांड:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल ./नाव.डेब

सुरुवातीचा टिंब आणि तिरकी रेघ विसरू नका. ती नसेल तर ॲप्ट ते रिपॉझिटरीतल्या पॅकेजचं नाव समजतो आणि 'सापडत नाही' म्हणून मोकळा होतो. डेबियन ९ आणि उबुंटू १६.०४ पासून पुढे ही पद्धत चालते. '_ॲप्ट' युजरला (ॲप्ट स्वतःसाठी वापरतो ते मर्यादित हक्कांचं खातं) फाइल वाचता आली नाही, अशी सूचना शेवटी आली तरी इन्स्टॉल झालेलं असतं.

जुन्या सवयीने 'डीपीकेजी -आय' चालवणारे इथेच अडकतात. डीपीकेजी डिपेंडन्सी आणून देत नाही. जुन्या फाइलींवर नव्या पसरवतो, हवी ती लायब्ररी नाही म्हणून कॉन्फिगर न करता थांबतो, आणि प्रोग्राम ना जुना राहतो ना नवा. पॅकेजांची यादी दाखवणाऱ्या 'डीपीकेजी -एल'मध्ये त्या ओळीपुढे 'आययू' दिसतं, म्हणजे फाइली पसरल्या पण कॉन्फिगर झालं नाही. उपाय 'सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'. पण होकार देण्याआधी यादी वाचा, कारण लायब्ररी मिळाली नाही तर ॲप्ट ते पॅकेजच काढून टाकायचं सुचवतो.

तुम्ही बदललेली कॉन्फिग फाइल (प्रोग्रामच्या सेटिंगची फाइल) नव्या आवृत्तीतही बदललेली असेल तर मधेच प्रश्न येतो. 'डी' दाबून फरक बघा. नुसतं एंटर दाबलं तर तुमची फाइल राहते आणि नवी शेजारी '.डीपीकेजी-डिस्ट' नावाने ठेवली जाते.

'लॉक मिळत नाही' (पॅकेजांचा डेटाबेस दुसऱ्या प्रोग्रामने अडवलाय) असं आलं, तर बहुतेक वेळा मागे आपोआप अपडेट चालू असतं. थांबा. लॉकची फाइल उडवून डेटाबेस बिघडवून घेऊ नका.

आधीची .डेब फाइल मात्र महिनाभर तरी ठेवा. नवी आवृत्ती बिनसली तर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल --अलाउ-डाउनग्रेड्स ./जुनी.डेब' म्हणता येतं. रिपॉझिटरीत ती नसल्यामुळे ॲप्ट ती दुसरीकडून आणून देणार नाही.