हवाई दलातल्या काकांच्या आठवणी कशा टिपाव्यात

तुमच्या नात्यात किंवा सोसायटीत १९६५ किंवा १९७१च्या युद्धात लढाऊ स्क्वाड्रनमध्ये असलेलं कोणी असेल, तर पुढच्या सुट्टीची वाट बघू नका. १९७१ साली विशीत असलेली मुलं आज पंचाहत्तरीला टेकलीत. मी पुण्यात अशा काकांकडे जाऊन बसते, त्यातून जमलेली पद्धत सांगते.

“किती विमानं पाडली?” हा प्रश्न पहिल्यांदा विचारूच नका. दोन वाक्यांत उत्तर संपतं आणि बोलणं तिथेच अडतं. वैमानिक असतील तर लॉगबुक मागा. प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमान, वेळ त्यात असते. एका नोंदीवर बोट ठेवून विचारा: त्या सकाळी खाल्लं काय? शेजारच्या विमानात कोण होतं? धावपट्टीच्या टोकाशी, ओआरपीवर (हुकूम येताच उडायला विमानं तयार ठेवतात ती जागा), जी-सूट (वेगवान वळणांत रक्त पायांकडे उतरू नये म्हणून घालायचा घट्ट पोशाख) चढवून बसलेले असताना वेळ कसा काढायचात? स्क्रॅम्बलचा, म्हणजे ताबडतोब उड्डाणाचा, हुकूम येईपर्यंतचं ते ताटकळणं कागदावर कुठेच नसतं, म्हणून मला ते सगळ्यात मोलाचं वाटतं.

ग्राउंड क्रूला तर कोणी विचारतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. विमान उतरलं की इंधन, टायर, दारूगोळा, फॉर्म ७००वर (विमानाच्या देखभालीची नोंदवही) सह्या, सगळं त्यांच्याच हातांनी. विमानाची शस्त्रं सांभाळणाऱ्या एका आर्मररकाकांनी जेवणाच्या टेबलावर नॅपकिनची लांब पट्टी करून मला दाखवलं, नॅट या छोट्या लढाऊ विमानाच्या ३० मिलिमीटर तोफेचा गोळ्यांचा पट्टा कसा बसवायचा ते. कडी जराशी तिरपी राहिली तरी तोफ ऐन वेळी अडकणार. दाखवताना त्यांचा अंगठा आपोआप एकेक कडी चाचपत होता. अशा वेळी नुसतं रेकॉर्डिंग पुरत नाही, हातांचा व्हिडिओ घ्या.

तारखा आधी वाचून जा. १९७१चं युद्ध ३ डिसेंबरला सुरू झालं म्हणून आपण तिथूनच विचारायला लागतो. पण दमदमहून उडालेल्या २२ स्क्वाड्रनच्या चार नॅटनी पूर्व पाकिस्तानच्या सीमेवरच्या बोयऱ्यावर पाकिस्तानी सेबर विमानांना गाठलं ते २२ नोव्हेंबरलाच.

जुना नकाशाही सोबत असू द्या. हवाई दलाचे वैमानिक दिलीप परुळकर ऑगस्ट १९७२मध्ये रावळपिंडीच्या युद्धकैदी छावणीतून दोन साथीदारांसह निसटले आणि अफगाण सीमेच्या तोंडाशी, लंडी कोतलला पकडले गेले. त्यांनी लंडी खाना या रेल्वे स्टेशनाची चौकशी केली आणि लोकांना संशय आला; तिथली रेल्वे १९३२ सालीच बंद झाली होती. एका स्टेशनाच्या नावावर केवढं अवलंबून होतं!

काकूंशी वेगळं बोला. ब्लॅकआउट, खिडक्यांना चिकटवलेले काळे कागद, क्वार्टर्समधल्या रात्री त्यांनाच ठाऊक. परत न आलेल्या सोबत्याचं नाव निघालं आणि काका थांबले, तर रेकॉर्डर बंद करा. पुढचं त्यांच्या मर्जीवर.

लिहून झालं की वाचून दाखवा, दुरुस्त्या त्यांच्याच अक्षरात घ्या. ग्रुप फोटोतली नावं डावीकडून उजवीकडे, मागच्या बाजूला, मऊ पेन्सिलीने लिहा. शाई पुढे फुटते.