खानापूरच्या भातात स्नॅपशॉट कॅमेरा नेण्याआधी

स्नॅपशॉट कॅमेरा म्हणजे उजेडाच्या अनेक तरंगलांब्यांची वेगवेगळी चित्रं एकाच क्लिकमध्ये टिपणारा कॅमेरा. तो नेताना सगळ्यात आधी पांढरी टाइल. कॅमेरा विसरलात तर वाटेतच लक्षात येईल, गाडी वळवाल. टाइल विसरलात तर दिवसभर फोटो काढाल आणि सगळे मातीमोल होतील. ही टाइल अंगावर पडलेला जवळजवळ सगळा उजेड, प्रत्येक तरंगलांबीचा सारखाच, परत पाठवते; पानाचा हिशोब तिच्याशी ताडून होतो. आपल्याकडची तांबडी माती एका बोटानं तिच्यावर उमटते, म्हणून डब्यात, स्वच्छ फडक्यात गुंडाळून न्या. लेन्सचं टोपणही हवं, कारण टोपण लावून एक काळा फोटो घ्यायचा असतो. पिकाच्या फोटोतून काळा वजा करा, टाइलच्या फोटोतूनही काळा वजा करा, मग पहिल्याला दुसऱ्यानं भागा. ढग आला की टाइलचा फोटो पुन्हा. पावसाळ्यात खानापूरला हे किती वेळा करावं लागतं, विचारू नका.

ओळीओळीनं टिपणारा कॅमेरा असेल तर वाऱ्यानं डोलणारी लोंबी वेडीवाकडी येते. स्नॅपशॉट सगळं एका क्लिकमध्ये उचलतो. मोझॅक प्रकारात सेन्सरच्या एकेका पिक्सेलवर वेगवेगळ्या जाडीचा फॅब्री-पेरो फिल्टर असतो, म्हणजे ठरावीक तरंगलांबीचाच उजेड आत सोडणारा थर. 5 बाय 5 पिक्सेलचा चौकोन मिळून तरंगलांबीचे 25 पट्टे, प्रत्येकाचं वेगळं चित्र. पण 2048 बाय 1088 च्या सेन्सरमधून प्रत्येक पट्ट्याच्या वाट्याला जेमतेम 409 बाय 217 ठिपके उरतात. म्हणजे पिकाच्या जवळ जावं लागणार: गमबूट घ्या, आणि ट्रायपॉडच्या पायांखाली ठेवायला तीन फळ्या. नाहीतर चिखलात तो हळूहळू वाकतो आणि तुम्हाला कळतही नाही.

लेन्सचं छिद्र पूर्ण उघडू नका. तिरपा उजेड फिल्टरमधून गेला की पट्टा कमी तरंगलांबीकडे सरकतो. हिरव्या पानाचं परावर्तन साधारण 680 ते 750 नॅनोमीटरमध्ये झपकन चढतं. तुमचा कॅमेरा तेवढा भाग बघतो का, हे घरीच तपासा.

निपाणीकडे तंबाखूची वाळलेली पानं शेडमध्ये टिपायची असतील तर हॅलोजन दिवे न्या. एलईडीच्या उजेडात काही तरंगलांबी जवळजवळ नसतातच. वायरचं भेंडोळं आणि बॅटरी, लाइट गेली तर. बांधावर पाय ठेवण्याआधी मालकाला हाक मारा, "सर्व्हे आलाय काय हो?" हा प्रश्न येणारच, उत्तर मराठीत आणि कन्नडमध्येही तयार ठेवा. शेवटी वही-पेन: टाइलचा फोटो किती वाजता, कोणत्या फाइलमध्ये, जागेवरच लिहा.