बोट अडकतंय? दुखतं मधल्या सांध्यात, बिघाड असतो तळहातात

सकाळी मूठ उघडताना बाकीची बोटं सरळ होतात आणि अनामिका तशीच वाकून राहते. जरा जोर लावला की 'खट्' आवाज करून एकदम उघडते. कळ मधल्या सांध्यात येते, म्हणून त्याच सांध्याला बाम चोळला जातो, त्याचाच एक्स-रे काढला जातो आणि तो बहुधा स्वच्छ येतो. या त्रासाला ट्रिगर फिंगर म्हणतात आणि त्यात बिघाड त्या सांध्यात नसतोच. तो बोटाच्या मुळाशी, तळहातात असतो.

आधी हे तपासा

तळहात वर करा. अनामिका किंवा करंगळी अडकत असेल तर त्या बोटाच्या सरळ रेषेत, हृदयरेषेवर (बोटांखालची पहिली आडवी रेषा) दुसऱ्या हाताचा अंगठा दाबून ठेवा. तर्जनीसाठी तिच्या खालच्या मस्तकरेषेवर, मधल्या बोटासाठी या दोन रेषांच्या मधे, आणि अंगठ्यासाठी त्याच्या मुळाशी जी घडी पडते तिच्यावर दाबा. आता ते बोट सावकाश मिटा आणि उघडा. दाबल्या जागी दुखलं, आत बारीक गाठ सरकताना जाणवली किंवा खटका लागला, तर निदान जवळपास झालंच. डॉक्टरही हेच करतात. एक्स-रे किंवा एमआरआयची सहसा गरज पडत नाही.

आत काय होतं

बोटं वाकवणारे मुख्य स्नायू कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात आणि त्यांच्या लांब कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) तळहातातून बोटांत जातात. कंडरा हाडाला लगटून राहाव्यात म्हणून त्यांच्यावर जागोजागी आडवे पट्टे असतात. त्यातला पहिला, तळहातातला पट्टा म्हणजे ए-वन पुली. हा पट्टा जाड आणि आतून अरुंद होतो, कंडरेवर गाठ धरते, आणि मग नाडीला गाठ पडल्यावर ती नेफ्यातून सरकत नाही तसा प्रकार होतो. नोट्टा या फ्रेंच डॉक्टरने 1850 मध्ये या गाठीचं वर्णन केलं होतं. बोट मिटणारे स्नायू ताकदवान, ते गाठीला पट्ट्याखालून ओढून नेतात. उघडणारे स्नायू कमजोर, त्यांना ती परत आणता येत नाही. म्हणून बोट वाकलेल्या अवस्थेतच अडकतं.

चाळिशी ते साठीत आणि बायकांमध्ये हे जास्त दिसतं. साधारण लोकांत आयुष्यभरात शंभरात 2-3 जणांना होतं, तर मधुमेहींमध्ये सुमारे 10 जणांना. थायरॉइड कमी असणं, संधिवात (रूमॅटॉइड आर्थ्रायटिस) आणि स्तनाच्या कॅन्सरनंतर दिल्या जाणाऱ्या लेट्रोझोलसारख्या गोळ्या यांचाही संबंध आहे. दोन-तीन बोटं एकदम अडकायला लागली आणि शुगर कधी तपासलीच नसेल, तर आधी ती तपासा. रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत असतील तर मनगटातली नसही दबत असू शकते. दोन्ही त्रास पुष्कळदा एकत्र असतात, तेव्हा डॉक्टरांना आपणहून सांगा.

कामामुळेच हे होतं असं ठामपणे म्हणता येत नाही. पण छाटणीची कात्री, स्क्रूड्रायव्हर, बाइकचा क्लच किंवा भाजीच्या पिशवीचे बंद नेमके त्याच पट्ट्यावर दाबतात आणि सुरू झालेला त्रास वाढवतात, हे नक्की. द्राक्षछाटणीच्या दिवसांत हात दिवसभर कात्रीवर असतो. तेव्हा हात आलटून-पालटून वापरणं किंवा बॅटरीची कात्री घेणं फायद्याचं.

घरी काय करायचं, काय नाही

पहिलं म्हणजे स्मायली बॉल दाबणं बंद. हातासाठी व्यायाम म्हणून तो सर्रास हातात दिला जातो आणि या दुखण्यात तो उलटा पडतो, कारण घट्ट मूठ वळताना कंडरा त्याच अरुंद पट्ट्याखालून जोराने ओढली जाते. गाठ जिरावी म्हणून जोरात रगडू नका.

अडकलेलं बोट झटक्याने ओढू नका. हात 5-10 मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, मनगट आतल्या बाजूला वाकवा म्हणजे कंडरा सैल पडते, आणि दुसऱ्या हाताने बोट सावकाश सरळ करा.

हत्यारांच्या मुठी जाड करा. एसीच्या तांब्याच्या नळीवर काळा फोमचा पाइप घालतात, तो हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. वीतभर घेऊन मुठीवर चढवा, वरून टेप गुंडाळा. पिशवी तळहातात लटकवण्यापेक्षा कोपराच्या वर अडकवा.

रात्रीची पट्टी सगळ्यात स्वस्त आणि कामाची. झोपेत मुठी वळल्या जातात म्हणूनच सकाळी त्रास जास्त असतो. मेडिकलमध्ये फोम लावलेली अॅल्युमिनियमची पट्टी मिळते; नाहीतर आइस्क्रीमची रुंद काडी घ्या. ती बोटाच्या मुळाच्या घडीपासून नखाच्या अलीकडेपर्यंत पुरेल एवढी कापा, टोकं घासून गोल करा, वर कापसाचा पातळ थर द्या. तळव्याच्या बाजूने लावून पहिल्या आणि मधल्या पेरावर मायक्रोपोर टेप गुंडाळा. सांध्यावर टेप नको. नख दाबून सोडल्यावर दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी झालं पाहिजे, नाहीतर टेप सैल करा. हे किमान 6 आठवडे. चार रात्रींत गुण येत नाही आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. दिवसा वापरायची, मुळाचा सांधा सरळ धरणारी प्लास्टिकची पट्टी ऑक्युपेशनल थेरपिस्ट हाताच्या मापाने करून देतात.

व्यायाम एकच पुरे: मुळाचे सांधे सरळ ठेवून वरचे दोन सांधे आकड्यासारखे वाकवायचे आणि सोडायचे. 10 वेळा, दिवसातून तीनदा. खटका लागला तर तिथेच थांबा. वेदनाशामक गोळ्यांनी ठणका कमी होतो, अडकणं नाही. किडनी, बीपी किंवा अल्सरचा त्रास असेल तर त्या विचारल्याशिवाय घेऊ नका.

इंजेक्शन

पट्टीने भागलं नाही, किंवा सुरुवातीपासूनच बोट पुरतं अडकत असेल, तर पट्ट्याच्या जागी स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. निम्म्याहून जास्त जणांना एकातच आराम पडतो. मधुमेहींमध्ये हे प्रमाण कमी. इंजेक्शनसोबत दिलेल्या भुलीचा असर काही तासांत उतरतो, मग एक-दोन दिवस जास्त दुखू शकतं. खरा गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, त्यामुळे तिसऱ्या दिवशी 'फुकट गेलं' म्हणू नका. टोचल्या जागी कातडी थोडी फिकट किंवा पातळ होऊ शकते.

मधुमेहींनी एक गोष्ट लक्षात ठेवायची: त्या दिवसापासून साधारण 5 दिवस शुगर वर जाते. रोज तपासा आणि इन्सुलिन घेत असाल तर डोसचं आधीच विचारून ठेवा. शुगर फारच चढलेली असेल तर ती उतरेपर्यंत थांबणं बरं. त्याच बोटाला दोनपेक्षा जास्त इंजेक्शनं घेत राहण्यात आमच्या मते अर्थ नाही. इंजेक्शननंतर लगेच ऑपरेशन केल्यास जंतुसंसर्गाचा धोका थोडा वाढतो, म्हणून मधे शक्यतो तीन महिने जाऊ देतात.

ऑपरेशन

फक्त हात बधिर करून, तळहातावर एक-दीड सेंटिमीटर छेद घेऊन ए-वन पुली कापतात. काम 10-15 मिनिटांचं. टेबलावरच तुम्हाला मूठ उघड-मिट करायला सांगतात, खटका गेल्याची खात्री तिथेच होते. पुढचा ए-टू पट्टा शाबूत राहावा लागतो; तो कापला गेला तर वाकवताना कंडरा हाडापासून सुटून धनुष्याच्या दोरीसारखी ताणली जाते. सुईनेही पट्टा मोकळा करता येतो, पण अंगठ्यात संवेदनेची नस पट्ट्याला अगदी खेटून जाते, म्हणून तिथे बरेच सर्जन छेद घेणंच पसंत करतात. संधिवाताच्या रुग्णांत हा पट्टा सहसा कापत नाहीत, कंडरेभोवतीचं सुजलेलं आवरण काढतात. संधिवात असेल तर ते आधी सांगाच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

बोटं त्याच दिवसापासून हलवायची, हात छातीच्या वर ठेवायचा. टाके 10-14 दिवसांनी निघतात, जड वस्तू पकडायला 3-4 आठवड्यांनी सुरुवात करायची. जखमेची जागा दीड-दोन महिने दाबल्यावर दुखते, ते अपेक्षित आहे. महिनोन्महिने बोट वाकलेलंच राहिलं असेल तर मधला सांधाही आखडतो, आणि पट्टा कापला तरी बोट पूर्ण सरळ होत नाही. बोट दुसऱ्या हातानेही उघडेनासं झालं की म्हणून चालढकल नको.

हे ट्रिगर फिंगर नव्हे

तळहाताच्या कातडीखाली दोरीसारखा ताण, बोट हळूहळू आत ओढलं गेलेलं पण खटका नाही, तर तो ड्युपिट्रेनचा आजार. त्याचे उपचार वेगळे. अख्खं बोट सुजलं, लाल झालं, किंचित वाकलेलं राहतं आणि जरा सरळ केलं तरी प्राण जातो, विशेषतः काटा लागल्यावर, तर आत पू होत असू शकतो. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

लहान मुलांतला ट्रिगर अंगठा मात्र याच जातीचा; त्यात अंगठ्याचं टोक वाकलेलं राहतं. एक ते तीन वर्षांच्या दरम्यान एक दिवस ते अचानक लक्षात येतं आणि पडल्यामुळे झालं असं वाटतं. मुलाला सहसा दुखत नसतं. जोर लावून ताणायचं नाही आणि इंजेक्शनही सहसा देत नाहीत. काही मुलांचं आपोआप सुटतं, म्हणून डॉक्टर आधी वाट पाहतात. नाही सुटलं तर छोटं ऑपरेशन, तेही पूर्ण भूल देऊन.