व्हॉल्व्ह ‘पास’ होतोय, पण सहातला कुठला?

मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी चाकणच्या एका कारखान्यात गेलो, तेव्हा पहिल्याच दिवशी फोरमनकाका म्हणाले, "पंप पास होतोय." मला वाटलं, कुठल्या तरी चाचणीत पास झाला असेल! व्हॉल्व्ह बंद असूनही आतल्या आत गळतो, त्याला तिथे ‘पास होणं’ म्हणतात. बाहेर थेंबही पडत नाही.

पंप तीन प्लंजरचा (पुढे-मागे सरकून पाणी ढकलणारे दांडे), 150 बार दाबाचा, मिनिटाला 300 फेरे. प्रत्येक प्लंजरला पाणी आत घेणारा एक सक्शन आणि बाहेर सोडणारा एक डिस्चार्ज, असे एकूण सहा व्हॉल्व्ह. कॉलेजात शिकलो होतो त्याप्रमाणे मी लगेच दाबाच्या सिग्नलचा एफएफटी काढला, म्हणजे त्यात कुठल्या फ्रिक्वेन्सी किती जोरात आहेत त्याचा आलेख. पंप धडधाकट असेल तर तीन प्लंजरमुळे 15 हर्ट्झचा ठोका ठळक दिसतो. इथे 5 हर्ट्झ वर आला होता, म्हणजे तिघांपैकी एक आजारी. आलेख घेऊन ऐटीत गेलो. काका म्हणाले, "गेजचा काटा नाचतोय, त्यावरून मलाही कळतंय. सहातला कुठला खोलू, ते सांग."

नुसत्या एफएफटीच्या शिखरांत याचं उत्तर नव्हतं. आवाज किती हर्ट्झचा, यापेक्षा तो फेऱ्यात कधी येतो, हे महत्त्वाचं होतं.

प्लंजर मागे जातो तेव्हा आतला दाब पडतो आणि बंद डिस्चार्ज व्हॉल्व्हवर लाइनचा पूर्ण दाब येतो. सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतो तिथे, चर पडली असेल तर त्यातून पाणी पिचकारीसारखं उलटं घुसतं आणि बारीक, उंच पट्टीची सळसळ होते. प्लंजर पुढे गेला की दोन्हीकडे दाब सारखा, सळसळ बंद. सक्शन व्हॉल्व्हचं याच्या बरोबर उलट: तो प्लंजर पुढे जाताना ओरडतो. तीन प्लंजर एकमेकांपासून 120 अंशांवर, त्यामुळे सहा व्हॉल्व्हच्या सळसळीची सुरुवात 60-60 अंशांनी सरकलेली असते. 300 फेऱ्यांना 60 अंश म्हणजे जेमतेम 33 मिलिसेकंद, पण तेवढे पुरतात. हे कागदावर मांडलं त्या रात्री मला झोप आली नाही, खोटं कशाला सांगू!

मग क्रँकशाफ्टवर प्रॉक्सिमिटी सेन्सर लावला, प्रत्येक फेऱ्याला एक पल्स. व्हॉल्व्हच्या ठोकळ्यावर अ‍ॅक्सिलरोमीटर (कंपनं मोजणारा सेन्सर), सेकंदाला 51,200 नमुने. 5 ते 15 किलोहर्ट्झचा पट्टा गाळून घ्यायचा, त्याचा एन्व्हलप (आवाजाच्या चढउताराची बाहेरची रेषा) काढायचा, पल्सवर फेरे कापायचे, प्रत्येक फेरा 360 बिंदूंवर ताणून बसवायचा आणि शंभरेक फेऱ्यांची सरासरी घ्यायची. वेग थोडा हलला तरी चालतं, कारण मोजणी वेळेत नाही, अंशांत आहे. सेन्सर चुंबकाने चिकटवू नका, वरच्या फ्रिक्वेन्सी तिथेच मरतात. स्क्रूने बसवायचा स्टड नसेल तर सुपरग्लू.

मध्ये दोन दिवस फुकट गेले. पट्टा ठरवायच्या आधी 4 किलोहर्ट्झला सुरेख शिखर दिसलं होतं, मी त्यालाच गळती समजलो. पाण्याची पर्यायी वाट (बायपास) उघडून दाब उतरवला तरी शिखर जागचं हललं नाही. तो व्हीएफडीचा, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हचा, आवाज होता. दाब उतरवून पाहायची ही चाचणी पहिल्याच दिवशी करा.

शेवटी पहिल्या प्लंजरचं सक्शन शून्य अंशावर धरलं, तर सळसळ 250 च्या आसपास सुरू होत होती. आतला दाब उतरायला थोडा वेळ लागतो, म्हणून 240 पेक्षा जरा उशिरा. तिसऱ्याचा डिस्चार्ज. काकांनी खोलला, सीटवर केसाएवढी चर होती. ते फक्त "हं" म्हणाले आणि लॅपिंगची (सीट घासून गुळगुळीत करायची) पेस्ट शोधायला गेले.

पुढे मशीन लर्निंगचा, म्हणजे रेकॉर्डिंगवरून दोष ओळखायला संगणकालाच शिकवायचा, मोह होईलच. एकाच रेकॉर्डिंगचे तुकडे करून काही शिकवायला आणि काही तपासायला वापरलेत, तर अचूकता डोळे दिपवणारी येते. मॉडेल व्हॉल्व्ह नाही, तो दिवस ओळखत असतं. तपासणीचं रेकॉर्डिंग वेगळ्या दिवसाचं हवं, शक्यतो व्हॉल्व्ह काढून पुन्हा बसवल्यानंतरचं. फाइलच्या नावातच तारीख, दाब, वेग आणि बदललेला व्हॉल्व्ह लिहा. माझ्या पहिल्या अकरा फाइलींची नावं ‘टेस्ट’, ‘टेस्ट नवीन’, ‘फायनल’, ‘फायनल खरं’ अशी होती. सगळ्या टाकून द्याव्या लागल्या.